कठीण पोलादाचें हत्यार घरच्या कारखान्यांत मापास कसें तोडावें

ऐन झोडणीच्या दिवसांत यंत्र बंद पडणें म्हणजे काय, हें ज्याच्या खळ्यावर भाताची उडवी रचलेली आहे आणि आकाशांत अवेळीं ढग आलेले आहेत त्यालाच पुरतें कळतें. गेल्या कार्तिकांत कुंभवलीस आमच्या खळ्यावर हाच प्रसंग आला. झोडणीयंत्राच्या आंसाची गनमेटलची बुश झिजून आंस लटपटूं लागला, आणि त्या मापाची तयार बुश बोईसरच्या बाजारांत मिळेना. घरीं एक जुना लहान लेथ आहे व गनमेटलचा तुकडाही संग्रहीं होता, म्हणून बुश घरींच कातावयाचें ठरविलें. तुकड्यास मधोमध २२ मिलिमीटरचें भोंक पाडून झालें. आतां तें आंतून कातून २५ मिलिमीटर करावयाचें राहिलें. या कामास बोरिंग बार लागतो. बोरिंग बार म्हणजे एक सोळा मिलिमीटर जाडीचा गज. त्याच्या टोकाजवळ आडवें भोंक असतें व त्या भोंकांत एक लहानसा टूल बिट स्क्रूनें आवळून बसवितात. हा बार २२ मिलिमीटरच्या भोंकांत शिरून फिरावयाचा, तर टूल बिट सर्व मिळून १८ मिलिमीटरपेक्षां फारसा लांब असून चालत नाहीं. दुकानांतून आणलेला टूल बिट मात्र १०० मिलिमीटर लांबीचा होता. म्हणजे वर्षाचें सारें पीक अडलें होतें तें सहा मिलिमीटर जाडीच्या एका पोलादी कांडीचा तुकडा तोडण्यापाशीं!

शेतकऱ्याच्या घरीं लेथ कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर इतकेंच कीं, शेतीचीं यंत्रें आणि लहानसा कारखाना यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांतील आपल्या लहानशा कारखान्यांत कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. आमच्या बाजूस तर १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र चालू झालें व औद्योगिक वसाहत अगदीं गांवाच्या शिवेला येऊन भिडली, तेव्हांपासून सकाळीं कारखान्यांत फिटर किंवा टर्नर आणि संध्याकाळीं खाचरांत शेतकरी असे गृहस्थ आमच्या आळींतच कितीतरी आहेत. कारखान्यांतून मोडीत निघालेलीं ड्रिलें, रीमर, मिलिंग कटर भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. त्यांचें पोलाद उत्कृष्ट असतें. पण तें आपल्या मापास तोडावें कसें हें ठाऊक नसल्यामुळें बहुतेकांच्या घरीं तें डब्यांत गंजत पडतें. प्रस्तुत लेखाचें प्रयोजन एवढेंच आहे.

प्रथम मीं जें केलें तेंच कोणीही करील. टूल बिट व्हाइसमध्यें धरला आणि हॅक्सॉ चालविली. दहा-बारा हात मारले असतील नसतील, तों करवतीचे दांतच सपाट झाले आणि टूल बिटावर कांचेवर नख ओढल्याएवढाही ओरखडा उठला नाहीं. याचें कारण उघड आहे. आपल्याहून मऊ पदार्थच हत्यार कापूं शकतें. करवतीचे दांत, कानस आणि टूल बिट हीं तिन्ही जवळजवळ एकाच कठीणपणाचीं असतात. कठीणपणा मोजण्याचें रॉकवेल-सी म्हणून जें माप कारखान्यांतून प्रचलित आहे, त्यावर टूल बिटाचा आंकडा सामान्यतः ६३ ते ६५ येतो. आणि साधें मऊ लोखंड तर इतकें खालीं असतें कीं त्यासाठीं निराळेंच माप वापरावें लागतें. अर्थात् येथें करवतीचा उपयोग नाहीं. तिच्याहून कठीण असे जे सहाणेचे कण, त्यांनींच हें काम होणार.

परंतु ग्राइंडर हातीं घेण्यापूर्वीं हातांतील वस्तु कोणत्या जातीची आहे हें ओळखलें पाहिजे, कारण जातीवर रीत अवलंबून आहे. घरच्या कामांत तीन जाती येतात. पहिली जात साध्या कार्बनी पोलादाची. जुन्या कानशी, छिन्न्या, विळे-कोयते व जुन्या काळचे टॅप हीं या पोलादाचीं. दुसरी जात हायस्पीड पोलादाची, ज्यावर एच. एस. एस. अशीं अक्षरें ठोकलेलीं असतात. अमेरिकेंत टेलर व व्हाइट या दोघांनीं १८९८च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत प्रयोग करून याची रीत बसविली, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत या पोलादाचें हत्यार टोंक लाल झालें तरी कातीत राहतें हें पाहून युरोपांतील कारखानदार थक्क झाले. जुन्या मिश्रणांत टंगस्टन शेंकडा १८पर्यंत असे; आज साधारणपणें मिळणाऱ्या एम-२ या प्रकारांत टंगस्टन सुमारें ६, मॉलिब्डेनम ५, क्रोमियम ४ व व्हॅनेडियम २ टक्के असतें. तिसरी जात आपल्या कारखान्यांतून ज्याला विडिया म्हणतात ती. हें वास्तविक पोलाद नव्हेच. टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्यें घट्ट बांधून केलेला तो पदार्थ आहे. जर्मनींतील क्रुप कंपनीनें १९२६ च्या सुमारास तो या नांवानें बाजारांत आणला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचें तें संक्षिप्त रूप आहे. नांव एका कंपनीचें, पण आपल्याकडे तें साऱ्या जातीसच चिकटलें.

या तीन जाती ओळखण्याची सोपी परीक्षा ठिणगीची. बेंच ग्राइंडरच्या चाकास वस्तूची कड किंचित् लावावी व पाठीमागें अंधार असेल अशा बाजूनें पाहावें. कार्बनी पोलादाच्या ठिणग्या पिंवळ्या-पांढऱ्या, पुष्कळ, आणि दिवाळींतल्या फुलबाजीप्रमाणें टोंकाशीं फुटणाऱ्या असतात. हायस्पीडच्या ठिणग्या मंद तांबूस, तुटक रेघांच्या, थोड्या, आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. विडियाच्या बहुधा नसतातच. चाकापाशीं अगदीं आंखूड नारिंगी झांक दिसली तर दिसते. चारदोन वेळां माहीत असलेल्या वस्तु घासून डोळ्यांस संवय केली म्हणजे यांत चूक होत नाहीं. याच्या जोडीला कानशीची परीक्षा करावी. कानस लागली तर तो भाग मऊ, घसरली तर कठीण. ड्रिलाच्या बाबतींत ही परीक्षा फार उपयोगीं पडते, कारण पुष्कळ ड्रिलांचा दांडा मऊच ठेवलेला असतो व तो साध्या हॅक्सॉनें निमूटपणें कापतां येतो. तेवढ्यासाठीं ग्राइंडरचा खटाटोप करण्याचें कारण नाहीं.

कार्बनी पोलादाची गोष्ट आपल्या लोहारांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तुकडा भट्टींत लाल करावा, राखेंत पुरून रात्रभर हळूहळू निवूं द्यावा, म्हणजे तो मऊ पडतो; मग हवा तसा कापावा, घडवावा, आणि शेवटीं त्यास पुन्हां पाणी द्यावें. पाणी देण्यासाठीं कितपत तापवावें याची एक सोपी खूण अशी कीं, लोहचुंबक लावून पाहावा. पोलाद सुमारें ७७० अंश सेल्सिअसला पोंचलें म्हणजे चुंबक त्यास ओढीनासा होतो, त्याहून किंचित् वर नेऊन विझवावें. विझविलेलें पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें, म्हणून एक बाजू घासून चकचकीत करून त्यास पुन्हां मंद आंच द्यावी लागते. त्या बाजूवर क्रमानें रंग चढतात. फिकट गवती रंग सुमारें २२० अंशांना, तपकिरी २५० ला, जांभळा २८० ला आणि निळा ३०० च्या आसपास. कातण्याच्या धारेस गवती रंग पुरे. घाव सोसणाऱ्या छिन्नीस जांभळा किंवा निळा. हेंच ज्ञान उलट बाजूनेंही उपयोगी आहे. कार्बनी पोलादाचें हत्यार ग्राइंडरवर धरलें असतां धारेवर निळा रंग आला, तर तेवढा भाग मऊ झाला असें समजावें व तो पुरता घासून टाकल्यावांचून धार टिकणार नाहीं. अनेक कोयत्यांची धार पोलाद वाईट असल्यामुळें जात नाहीं, तर घाईनें ग्राइंडरवर लावल्यामुळें जाते.

हायस्पीड पोलादास मात्र ही राखेची रीत चालत नाहीं. त्यास पुन्हां कठीण करण्यास सुमारें १२०० अंशांची आंच, तीही मोजून, आणि त्यानंतर ५५० अंशांच्या आसपास दोनदां-तीनदां टेंपर अशी सर्व व्यवस्था लागते. गांवच्या भट्टींत हें साधत नाहीं. कोणी एकदां तें मऊ केलें तर तें कायमचें गेलें. म्हणून हें पोलाद कठीण स्थितींतच तोडलें पाहिजे. सुदैवानें त्याचा एक गुण या कामीं आपणांस साह्य करतो. त्याचें टेंपरच ५५० अंशांना झालेलें असल्यामुळें त्याखालच्या उष्णतेनें तें मऊ पडत नाहीं. तोडतांना कडेस निळा रंग आला तरी त्यास भिण्याचें कारण नाहीं. मात्र लाल होऊं देऊं नये, आणि तापलेलें असतांना पाण्यांत मुळींच बुडवूं नये. त्या धक्क्यानें त्यास केंसाएवढ्या भेगा पडतात, ज्या त्या वेळीं दिसत नाहींत व पुढें कामावर असतांना तुकडा उडवून देतात.

आतां प्रत्यक्ष रीत. या कामाचें मर्म असें आहे कीं, कठीण वस्तु आरपार कापूं नये. तिला कमजोर करून मोडावी. कठीण पोलाद वांकत नाहीं, म्हणूनच तें मोडतें. हा त्याचा दोष येथें आपला मजूर होतो.

टूल बिटावर माप घेऊन शाईची रेघ काढावी. मापापेक्षां अर्धा मिलिमीटर अधिक ठेवावा, कारण मोडलेलें टोंक नंतर घासून सपाट करावें लागतें. व्हाइसच्या जबड्यांवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडून ठेवावा व त्यांत टूल बिट आडवा पक्का आवळावा. अँगल ग्राइंडरला एक मिलिमीटर जाडीचें कटिंग व्हील लावावें, आणि रेघेवर चाकाची कड टेंकवून तीन-चार सेकंदांपुरती खांच पाडावी. मग ग्राइंडर बंद करून, चाक थांबल्यावर बाजूस ठेवून, टूल बिट पाव फेरा फिरवून पुन्हां आवळावा. अशा चार वेळां केलें म्हणजे सभोंवार एक मिलिमीटर खोल खांच पडते. मध्यें वस्तूस बोट लावून पाहावें. चटका बसत असेल तर हवेवर निवूं द्यावी. घाई करण्यासारखें येथें कांहींच नाहीं. चौकोनी टूल बिट असेल तर चारही बाजूंवर खांच घ्यावी; दहा मिलिमीटरच्या चौकोनास दीड ते दोन मिलिमीटर खोली पुरते.

एक मिलिमीटरच्या खांचेनें काय होणार, असें वाटणें साहजिक आहे. पण हिशेब पाहावा. गोल गजाची वांकविण्याविरुद्धची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणें असते. सहा मिलिमीटरचा व्यास खांचेपाशीं चार राहिला, म्हणजे तो दोनतृतीयांश झाला. दोनतृतीयांशाचा घन आठ-सत्ताविसांश, म्हणजे शेंकडा तीसही नव्हे. त्यांतून, खांचेच्या तळाच्या अरुंद रेषेंत सारा ताण एकवटतो, आणि ठिसूळ पदार्थास ताण एकवटलेला मुळींच सोसत नाहीं. कांच कापणारा कारागीर हिऱ्याची एक बारीक रेघ ओढून कांच मोडतो तें याच तत्त्वावर.

मोडतांना खांच जबड्यांच्या अगदीं कडेशीं येईल असा टूल बिट धरावा, हवा असलेला लहान तुकडा बाहेर राहील असें करावें, आणि त्यावर जाड लोखंडी नळीचा तुकडा घालावा. सारें गोणपाटानें झांकावें. मग नळी एका झटक्यानें आपल्यापासून दूर अशी दाबावी. टिचकी वाजल्यासारखा आवाज होतो व तुकडा नळींतच राहतो. हातोड्याचा घाव थेट टूल बिटावर घालणें अत्यंत धोक्याचें आहे. दोन कठीण पोलादें एकमेकांवर आदळलीं कीं त्यांतून निघणारी कपची बंदुकीच्या छऱ्यासारखी जाते. मोडलेलें तोंड पाहावें. तें करडें, बारीक रव्याचें, मोडक्या चिनी मातीच्या भांड्यासारखें दिसलें तर ठीक. एका बाजूस काळपट डाग असेल तर तेथें जुनी भेग होती असें समजून तो तुकडा वापरूं नये.

कटिंग व्हीलनें आरपार कापतां येत नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. येतें, आणि पुष्कळ लोक तसेंच करतात. जाड तुकड्यास कित्येकदां त्यावांचून गत्यंतरही नसतें. परंतु शेवटच्या क्षणीं तुकडा कलंडून पातळ चाकास मध्येंच चिमटा बसतो, चाक फुटण्याचा प्रसंग बहुधा तेव्हांच येतो, आणि कापलेली कड अधिक तापते. अठरा मिलिमीटरचा बारीक तुकडा तर उडून कोठें जाईल हें सांगतां येत नाहीं. मग खळ्यावर यंत्र बंद आणि आपण ओणवे होऊन भुईवर तो शोधीत आहों, असें होतें. लहान कामास खांच घेऊन मोडणें हेंच मला बरें वाटतें.

चाकाविषयीं दोन शब्द अधिक सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या किनाऱ्याच्या हवेंत तें विशेष महत्त्वाचें आहे. हें चाक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण राळेसारख्या कृत्रिम रेझिननें जाळींत बांधलेले असतात. दमट हवेनें ही बांधणी सैल होते. आमच्याकडे आषाढ-श्रावणांत भिंतींना ओल सुटते, मीठ पाझरतें, तेथें पडवींत खिळ्याला टांगलेलें चाक चार महिन्यांनीं बाहेरून नवेंच दिसतें, पण तें पहिल्यासारखें राहिलेलें नसतें. म्हणून चाकावर मध्यभागीं धातूच्या कडीवर जी मुदत छापलेली असते ती पाहूनच घ्यावें. सामान्यतः ती बनविल्यापासून तीन वर्षांची असते. घरीं चाकें घट्ट झांकणाच्या डब्यांत, आडवीं, सपाट ठेवावीं. ओलें झालेलें, कड उडालेलें किंवा वांकलेलें चाक फेकून द्यावें. त्याची किंमत थोडी असते. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेतो, म्हणजे चाकाची कड सेकंदास जवळजवळ ५७ मीटर, ताशीं दोनशें किलोमीटरहून अधिक वेगानें धांवते. चाकावर ८० मीटरची मर्यादा छापलेली असते. सात इंची चाक झिजून लहान झालें म्हणून तें चार इंची ग्राइंडरवर चढविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्या चाकाची मर्यादा मिनिटास साधारण ८,५०० फेऱ्यांचीच असते, आणि चढविण्यासाठीं पत्र्याचें संरक्षक झांकणही काढलेलें असतें. याहून अविचार दुसरा नाहीं. नवें चाक लावल्यावर बाजूस उभें राहून एक मिनिट रिकामें फिरवावें, मग कामास लावावें; आणि पातळ चाकाच्या सपाट बाजूनें कधींही घासूं नये, तें केवळ कडेनें कापण्यासाठीं आहे.

विडिया तोडण्याचा प्रसंग आल्यास माझा सल्ला असा कीं, घरीं तोडूं नये. साधें चाक त्यावर चालत नाहीं. हिरव्या सिलिकॉन कार्बाइडचें किंवा हिऱ्याच्या कणांचें चाक लागतें. त्यांतून निघणाऱ्या बारीक धुळींत कोबाल्ट असतो, आणि तो श्वासाबरोबर जाऊन फुप्फुसांस कायमची इजा करतो. म्हणून कारखान्यांतून तें पाण्याच्या धारेखालीं व धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राजवळ घासतात. हातांतल्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतणें म्हणजे एक संकट टाळण्यासाठीं दुसरें ओढवून घेणें. औद्योगिक वसाहतीच्या आसपास टूल ग्राइंडिंगचीं दुकानें आहेत, तेथें हें काम द्यावें. येथेंच एक गैरसमज दूर करतों. हिऱ्याचें चाक सर्वांत कठीण, तर तें पोलादासही उत्तम, असें कित्येकांस वाटतें. परंतु हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तापलेलें लोखंड कार्बन शोषून घेतें, त्यामुळें पोलादावर महाग चाक पाहतां पाहतां झिजून जातें. पोलादास ॲल्युमिनियम ऑक्साइड, विडियास हिरा, ही विभागणी लक्षांत ठेवावी.

ठिणग्यांविषयीं शहरांतील पुस्तकांतून एखादी ओळ असते. शेतकऱ्याच्या घरीं तेवढ्यानें भागत नाहीं. आपला कारखाना म्हणजे बहुधा पडवीचा एक कोपरा, आणि दुसऱ्या कोपऱ्यांत पेंढा, रिकामीं गोणपाटें, डिझेलचा डबा. पहिल्याच वर्षीं मीं असाच एक गज पडवींत कापला, हात धुतले व जेवावयास बसलों. अर्ध्या तासानें मातोश्रींस जळकट वास आला. जाऊन पाहतों तों आठ-दहा हातांवर ठेवलेल्या गोणींत एक ठिणगी शिरून आंतल्या आंत धुमसत होती. बाहेर ज्वाळेचा मागमूसही नव्हता. तिच्याशेजारीं वर्षाचा पेंढा रचलेला होता. तेव्हांपासून हें काम अंगणांत, ओल्या मातीवर, वाऱ्याची दिशा पाहून करतों. पस्तीस फुटांच्या आंत पेंढा किंवा तेल असूं नये हा कारखान्यांतील नियम घरींही पाळावा, पाण्याची बादली जवळ असावी, आणि काम संपल्यावर निदान तासभर त्या जागेवर लक्ष ठेवावें.

डोळ्यांसाठीं बाजूनेंही बंद असलेला चष्मा पाहिजे. साधा वाचण्याचा चष्मा उपयोगाचा नाहीं. डोळ्यांत कण गेलाच तर चोळूं नये, कपड्याच्या टोंकानें काढूं नये. पोलादाचा कण बुबुळावर एका दिवसांत गंजाचें वलय सोडतो, म्हणून त्याच दिवशीं डोळ्याच्या डॉक्टरकडे जावें. अंगावर उपरणें, पंचाचा सोगा, गळ्यांतला गोफ असें कांहीं लोंबतें असूं नये. घराचें अर्थिंग तपासलेलें असावें, आणि पावसाळ्यांत अनवाणी उभें राहून हें काम करूं नये.

मोडक्या ड्रिलांविषयीं अनेकजण विचारतात म्हणून थोडें सांगतों. टोंक मोडलेलें ड्रिल याच रीतीनें मोडका भाग काढून आंखूड करतां येतें, आणि आंखूड ड्रिल लांब ड्रिलापेक्षां अधिक सरळ भोंक पाडतें, कारण तें कमी लवतें. मात्र ड्रिलाचा गाभा दांड्याकडे जाड होत जातो, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. त्यामुळें आंखूड केलेल्या ड्रिलास नुसतें ११८ अंशांचें टोंक काढून चालत नाहीं. मधली आडवी कड रुंद झालेली असते व ती धातु कापण्याऐवजीं चेपते. ती दोन्ही बाजूंनीं चाकाच्या कोपऱ्यानें घासून बारीक करावी, म्हणजे ड्रिल पूर्वींइतकेंच हलकें चालतें. ही गोष्ट मला एका वृद्ध टर्नरनें दाखविली, तोंवर मीं अशीं ड्रिलें निकामी समजून विकीत होतों.

आमची बुश त्या दिवशीं दुपारीं चार वाजेपर्यंत तयार झाली. टूल बिटाची खांच घेऊन मोडावयास वीस मिनिटें लागलीं, घासून धार लावावयास तितकींच, आणि उरलेला वेळ बुश कातण्यांत गेला. दिवे लावून रात्रीं नऊपर्यंत झोडणी चालली. दुसऱ्या दिवशीं पहाटे पावसाची एक सर येऊन गेली, पण तोंवर भात घरांत आलें होतें. शंभर मिलिमीटरांच्या त्या कांडीचा उरलेला भाग सव्वातीन इंचांच्या आंतबाहेर आहे म्हणून नव्हे, तर तिच्यांतून अजून चार लहान टूल बिट निघतात म्हणून तेलाच्या चिंधींत गुंडाळून चाकांच्या डब्यांत ठेवला आहे. त्यांतील एक पंपाच्या बुशीस लागेल. ती उन्हाळ्यांत, पाणी बंद असतांना, सवडीनें कातावयाची आहे.